पहिली पायरी आहे, जिना कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण बोरिवलीला राहते. तिच्या मुलीला चांगले गुण मिळाले म्हणून रविवारी पेढे घेऊन सगळी मंडळी आमच्याकडे मुलुंडला आली. जेवणे झाली, सुपारीचा डबा फिरला आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न निघाला. कुणी बी.कॉम. सुचवले, कुणी बँकेच्या परीक्षा, कुणी संगणक. भाची शांतपणे म्हणाली, ‘‘मामा, मला बालवाडीची बाई व्हायचंय. आईसारखी.’’

कोणत्याही आईने सुखावून जावे असे हे वाक्य. माझी बहीण २८ वर्षे बालवाडीत शिकवते आहे. मिशा फुटलेली मुले रस्त्यात थांबून तिच्या पाया पडतात आणि तिला त्यांची नावे आठवतात. पण सगळ्यांत आधी ‘नाही’ म्हटले ते तिनेच. ‘‘काहीही हो, पण हे नको,’’ एवढे म्हणून ती ताटे उचलून आत गेली.

भाचीचे डोळे भरले. मी निवृत्त माणूस, हाती वेळ भरपूर. ‘‘मला महिनाभर दे,’’ मी तिला सांगितले. ‘‘या पेशात शिरणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी काय मिळतं, दहाव्या वर्षी काय मिळतं आणि म्हातारपणी हाती काय उरतं, एवढं मी शोधून काढतो. मग तू ठरव.’’ हा लेख म्हणजे त्या महिन्याचा जमाखर्च आहे.

टेकडीवरची अंगणवाडी

सुरुवात सरकारी बाजूने करावी म्हणून मी घाटकोपरला गेलो. पश्चिमेच्या डोंगरउतारावर चढत गेलेल्या वस्तीत, भाड्याच्या एका खोलीत ही अंगणवाडी भरते. दाराबाहेर चिमुकल्या चपलांची रांग, भिंतीवर फळांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा. सेविका पन्नाशीच्या. दिवसातून शिकवायला किती वेळ मिळतो, असे विचारल्यावर त्या हसल्या. ‘‘शिकवणं हे सहा कामांतलं एक आहे, भाऊ.’’

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. त्यात आता मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मधल्या नोंदी आल्या, सर्वेक्षणे आली. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरून घेण्याचे कामही याच बायकांच्या गळ्यात पडले. शिकवायचे ते यातून उरलेल्या वेळात.

मोबदल्याचा इतिहास तर वाचण्यासारखा आहे. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये मिळत. केंद्र सरकारचा आकडा २०११ मध्ये ३,००० झाला, ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० झाला आणि तिथून २०२५ पर्यंत तरी हलला नाही. वरची भर राज्य घालते. महाराष्ट्रात २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जवळजवळ महिनाभर संप झाला, तेव्हा ५,००० चे ६,५०० झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा संप झाला, मार्चच्या अर्थसंकल्पात ८,३२५ चे १०,००० झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला. मग २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनीसाचे ७,५०० झाले, वर कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता. वाचकांच्या लक्षात आले असेल की प्रत्येक वाढीच्या आगेमागे एकतर संप आहे किंवा निवडणूक आहे. कामाचे वर्ष भरले म्हणून, हात मुरला म्हणून मिळणारी वाढ अगदी नाममात्र. तीस वर्षे घासलेली सेविका आणि गेल्या वर्षी लागलेली सेविका यांच्या पाकिटात फरक शोधावा लागतो.

आणि याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सांगितले की अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय नागरी पद नव्हे. ठीक आहे. पण मार्च २०१८ मध्ये आपल्याच राज्य सरकारने याच सेविकांना अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे ‘मेस्मा’, लावला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. थोडक्यात काय, तर पगार मागायला गेले की त्या स्वयंसेविका आणि संपावर गेले की अत्यावश्यक! एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा कायद्याच्या भाषेत त्या प्रथमच ‘कामगार’ या शब्दाच्या जवळ आल्या.

बढती? ती आहे. मदतनीसाची सेविका होते, सेविकेची मुख्यसेविका होऊ शकते. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मुख्यसेविकांच्या निम्म्या जागा पात्र सेविकांतून भरायच्या आहेत. पण एका मुख्यसेविकेच्या हाताखाली वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. वीस-पंचवीस जणींमागे एक जागा, तिच्यातही अर्धीच आपली. ‘‘नंबर लागेपर्यंत चष्मा लागतो,’’ सेविका म्हणाल्या.

काचेच्या दारामागे

घाटकोपरहून मेट्रोने थोड्याच वेळात अंधेरी. खासगी बाजू पाहायची तर अंधेरीसारखे ठिकाण नाही. २००१ नंतर युरोकिड्स, किडझी अशा साखळ्या निघाल्या आणि उपनगरांत नाक्यानाक्यावर रंगीबेरंगी पाट्या झळकू लागल्या. त्याच धर्तीवरच्या एका केंद्रात शिकवणारी तरुणी मला स्टेशनजवळच्या उपाहारगृहात भेटली. केंद्राचे नाव मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

ती पदवीधर आहे, वर वर्षभराचा माँटेसरी अभ्यासक्रम केलेला. सकाळी साडेआठ ते दुपारी तीन नोकरी. घरी नेऊन तक्ते, मुखवटे, वार्षिक समारंभाची तयारी. पगार विचारल्यावर तिने आधी आजूबाजूला पाहिले. मी या महिन्यात खासगी केंद्रांतल्या ज्या आठ-दहा जणींशी बोललो, त्यांच्या पगाराचे आकडे आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत होते. ही मधोमध होती. तिला पगार दहा महिन्यांचा मिळतो. एप्रिल-मे बिनपगारी. नेमणुकीचे पत्र दरवर्षी जूनमध्ये नवे. ‘‘म्हणजे दरवर्षी मी नवीच असते, काका,’’ ती म्हणाली.

हा ‘नवेपणा’ समजून घ्यायला हवा. कायद्याने शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत असे म्हटले, तेव्हा संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन लागू केला. खासगी शाळांनी या दुरुस्तीला दिलेले आव्हान ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळले गेले. पण तिच्यासाठी सर्वसाधारण अट आहे ती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत सलग पाच वर्षे नोकरीची. केंद्र लहान असले, किंवा दर जूनला नवे पत्र देऊन सेवा तुटल्यासारखी दाखवली, की बिचारीने हक्क सिद्ध करण्यासाठी भांडायचे कुणाशी आणि कशाच्या जोरावर? बढतीचा मार्ग विचाराल तर शिक्षिकेची समन्वयक आणि समन्वयकाची केंद्रप्रमुख. केंद्रात चार वर्ग, प्रमुख एक. ती बहुधा मालकांची नातलग.

मुलुंडचा तळमजला

तिसरी वाट म्हणजे स्वतःची बालवाडी. ती पाहायला लांब जावे लागले नाही. आमच्याच गल्लीत एक वहिनी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत प्लेग्रुप चालवत. सोसायटीचे ना-हरकत पत्र, मुलांच्या रडण्याबद्दल वरच्या मजल्याची तक्रार, पावसाळ्यात दारात साचणारे पाणी, हे सगळे सांभाळून पंधरा वर्षे चालवला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मुंबईतल्या पूर्वप्राथमिक वर्गांची दारे पुन्हा उघडली ती जानेवारी २०२२ मध्ये. जवळजवळ दोन वर्षे तीन वर्षांच्या मुलांना पडद्यावर कोण शिकवणार आणि त्याची फी कोण देणार? वहिनींनी छोट्या खुर्च्या विकून टाकल्या. आता त्या एका औषधांच्या कंपनीत हिशेब लिहितात. पगार प्लेग्रुपच्या मिळकतीपेक्षा बरा आहे, आणि दिवाळीला बोनस आहे. ‘‘पण सोमवारी सकाळी अजून चुकल्यासारखं होतं,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

एका इमारतीतले दोन पगार

आता तुलनेसाठी पहिलीची बाई घेऊ. बालवाडी आणि पहिली यांच्यात मुलाच्या वयाचा फरक वर्षभराचा. पहिलीच्या शिक्षिकेला दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते, शिक्षक पात्रता परीक्षा लागते, शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलची रांग लागते. ही रांग लांब आहे आणि मराठी शाळांचे वर्ग कमी होत चालल्याने ती अधिकच लांबते, हे लपवून उपयोग नाही. पण एकदा महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत प्रवेश झाला की वाट आखलेली आहे. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० रुपये; जानेवारी २०२३ पूर्वी तर ते ६,००० च होते. त्यानंतर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० ते ९२,३०० ही श्रेणी, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. दरवर्षी तीन टक्के वाढ, म्हणजे दहा वाढींनंतर नुसते मूळ वेतनच ३९ हजारांच्या घरात. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणीची संधी, भविष्यनिर्वाह किंवा निवृत्तिवेतनाची काही तरी योजना.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि मला पहिल्यांदा नेमकी गोम कळली. पहिल्या वर्षी सेविकेचे १३ हजार, अंधेरीच्या तरुणीचे चौदा-पंधरा हजार आणि शिक्षण सेविकेचे १६ हजार. पहिली पायरी जवळपास एकाच उंचीवर आहे. फरक आहे तो जिन्याचा. पहिलीच्या बाईपुढे जिना आहे; बालवाडीच्या बाईपुढे भिंत आहे. दहाव्या वर्षी एक जण तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते आणि दुसरी तळमजल्यावरच, फक्त दहा वर्षांनी म्हातारी झालेली.

माझ्या बहिणीच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. तिच्या शाळेत बालवाडी तळमजल्यावर भरते आणि अनुदानित प्राथमिक शाळा पहिल्या मजल्यावर. १९९७ मध्ये ती लागली तेव्हा तिला पाकिटातून ६०० रुपये मिळत. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा पगार सरकारी श्रेणीने होई. संस्था एक, घंटा एक, मधल्या सुट्टीतला चहाही एकाच किटलीतला. २८ वर्षांत वरच्या मजल्यावरच्या तिच्या बरोबरीच्या बाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. माझी बहीण जिथे होती तिथेच आहे. ‘‘तो जिना मी रोज पाहते, दादा,’’ ती मला एकदा म्हणाली होती. तेव्हा मला वाटले, गुडघ्यांबद्दल बोलते आहे.

खाली उतरून आलेली माणसे

हे असे का झाले? लहान मुलांना सांभाळणे हे बायकांचे उपजत काम, त्यात शिकण्यासारखे काय आणि पैसे मोजण्यासारखे काय, ही समजूत याच्या मुळाशी आहे. नवऱ्याचा पगार आहेच, हिचे आपले वरखर्चाला, हा हिशेब संस्थाचालकांनी केला, सरकारने केला आणि खरे सांगायचे तर आपण घरच्यांनीही केला.

गंमत अशी की ज्यांनी हा पेशा आपल्याकडे उभा केला त्यांची समजूत अगदी उलटी होती. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका हे वकील होते. त्यांच्याबरोबर काम करायला गेलेल्या ताराबाई मोडक १९१४ च्या पदवीधर आणि राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मोठ्यांना शिकवण्याची जागा सोडून त्या अडीच वर्षांच्या मुलांकडे आल्या. सर्वांत लहान मुलांकडे सर्वांत जाणती माणसे हवीत, असा त्याचा अर्थ होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये बोरिवलीलाच भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात अनुताई वाघ ताराबाईंना भेटल्या आणि दोघींनी मिळून बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ, ही कल्पना त्यांची. ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारने तिथून उचलला. त्यामागचा आदर मात्र उचलला नाही.

या परंपरेचा एक दोषही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. त्याग हे त्या पिढीचे भांडवल होते आणि पुढच्यांनी ते गृहीत धरले. १९९५ च्या सुमारास ‘प्रथम’ने मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या सुरू केल्या, त्या वस्तीतल्याच मुलींच्या भरवशावर आणि अगदी तुटपुंज्या खर्चात. त्यातून असंख्य मुले पहिल्यांदा पाटीपेन्सिलीपर्यंत आली, हे मोठेच काम. पण कमी पैशांत हे होऊ शकते, एवढाच धडा सरकारने त्यातून घेतला असावा, अशी शंका येते.

कायद्याकडे पाहिले तरी तेच. १९९६ मध्ये प्राचार्य राम जोशी समितीच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदा केला. तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेऊ नये, हे त्याचे सार. चांगलेच झाले. पण त्या मुलाला जी शिकवणार तिला काय द्यावे, हा प्रश्न तिथेही बाहेरच राहिला. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याच्या आधीच्या वयाबद्दल सरकार ‘व्यवस्था करू शकेल’ एवढेच तो म्हणतो. आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते. म्हणून तीन ते आठ वर्षे हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानावा. म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी हा आता कागदावर एकच मजला आहे! मग एकाच मजल्यावर दोन पगारपत्रके का? धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा किंवा वर्षभराचा प्रशिक्षण अभ्यासक्रम सांगितला आहे. तो पुरा केल्यावर तिच्या मोबदल्यात काय फरक पडेल, ते मात्र त्यात सांगितलेले नाही.

पालकांच्या फीचा हिशेब

यावर एक उत्तर नेहमी मिळते. फी तर भरमसाट घेतात, मग बाईंना का देत नाहीत? लोभ असतोच, तो नाकारायचे कारण नाही. पण साधा हिशेब करून पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका हवी. समजा, वीस मुलांचा वर्ग आहे आणि फी महिना साडेतीन हजार. जमा झाले सत्तर हजार. समजा, उपनगरातल्या तळमजल्याच्या दोन खोल्यांचे भाडे पस्तीस हजार, मदतनीस मावशींचे नऊ हजार, वीज, खेळणी, साबण, दुरुस्ती आठ हजार. उरले अठरा हजार. यात मालकाचा नफा नाही, साखळीचा हिस्सा नाही, मेच्या सुट्टीची तरतूद नाही. दोन पाळ्या केल्या तर भाडे विभागले जाते आणि थोडी हवा मिळते. पण ती हवा बहुधा बाईंपर्यंत पोचत नाही. म्हणजे नोकरदार पालकांना झेपेल अशा फीत पहिलीच्या बाईइतका पगार निघणे कठीण आहे. आपल्या मुलाची पहिली शाळा जागेच्या भाड्याशी स्पर्धा करते आणि दर महिन्याला हरते.

पहिलीच्या बाईंचा पगारही पालकांच्या फीतून निघत नाही, हे आपण विसरतो. तो समाज देतो, करांतून. जिथे हा विचार खाली बालवाडीपर्यंत नेला गेला, तिथे चित्र बदलले. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेला जोडलेल्या बालवर्गातील पात्र शिक्षिकेला प्राथमिक शिक्षिकेचीच श्रेणी आहे. न्यूझीलंडमध्ये बालवाडी शिक्षकांनी लढून २००२ मध्ये प्राथमिक शिक्षकांशी वेतनसमानता मिळवली, ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. ते देश श्रीमंत आहेत हे खरे. पण आपण पहिलीच्या बाईला श्रेणी देतो तेव्हा स्वतःला गरीब समजत नाही. मग वर्षभर आधीच का समजतो?

काय करता येईल?

सगळे एकदम होणार नाही. पण जिना बांधायचा तर सुरुवात कुठून करायची ते स्पष्ट आहे. पायाभूत स्तर एक मानला आहे, तर शिक्षिकेची पात्रता आणि श्रेणीही एका दिशेने न्यावी. अंगणवाडीत पोषणाचे काम आणि शिकवण्याचे काम यांसाठी दोन माणसे असावीत. निदान प्रशिक्षित सेविकेला दरवर्षीची निश्चित वाढ असावी, म्हणजे तिला दर दोन वर्षांनी आझाद मैदान गाठावे लागणार नाही. शाळेला जोडलेल्या बालवाडीचा एक वर्ग तरी अनुदानात घ्यावा. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची नोंदणी सुरू केली. त्या अर्जात शौचालयांची संख्या विचारायची तशीच नेमणूकपत्रे किती, बारा महिन्यांचा पगार किती जणींना, हेही विचारावे.

आणि आपण पालक व आजी-आजोबा? प्रवेशाच्या दिवशी आपण वातानुकूलन आहे का, कॅमेरे आहेत का, इंग्रजी बोलतात का हे विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवावा: ‘‘तुमच्या बाई इथे किती वर्षे आहेत?’’ जिथे दर जूनला चेहरा बदलतो तिथे काही तरी पाणी मुरते आहे, असे खुशाल समजावे. तीन वर्षांचे मूल पुस्तकाला नव्हे, बाईंना चिकटते. बाई टिकल्या नाहीत तर नुकसान बाईंचे आहेच, पण मुलाचेही आहे.

महिना संपला तेव्हा मी बोरिवलीला गेलो. भाचीपुढे कागद ठेवला. त्यावर तीन वाटा लिहिल्या होत्या. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा अभ्यासक्रम केला तर नोकरी लगेच, पण पुढे जिना नाही. डी.एल.एड. केले तर दोन वर्षे आणि रांग, पण पहिलीचे दार उघडे आणि बालवाडीचेही. तिसरी वाट पदवीची, कारण २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकांची किमान पात्रता व्हावी असे धोरण सांगते. खाली चार ओळी अशा लिहिल्या होत्या की कुठेही लागताना त्या विचारल्याशिवाय सही करायची नाही: नेमणुकीचे पत्र, बारा महिन्यांचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, सलग सेवा.

तिने कागद दोनदा वाचला. म्हणाली, ‘‘डी.एल.एड. करते, मामा. मग मुक्त विद्यापीठातून पदवी. पण शिकवीन लहान मुलांनाच.’’

मी बहिणीकडे पाहिले. ती नाही म्हणेल असे मला वाटले होते. तिने तो कागद हातात घेतला, त्या चार ओळींवरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘यातलं एकही मी १९९७ ला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं.’’ मग मुलीला म्हणाली, ‘‘जा, पण विचारून जा.’’

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी साडेसातला ती नेहमीप्रमाणे शाळेला गेली, तळमजल्यावर.